नेटलीच्या सफरीला येण्याआधी एवढं वाचून घ्या
(साउदम्प्टनजवळचं जुनं लष्करी रुग्णालय, मराठीतून पायी सफर)

सफर सुरू व्हायला पाच मिनिटं उरली की बहुतेक वेळा फोन वाजतो. "आम्ही पोचलो, पडक्या भिंती दिसताहेत, तुम्ही कुठे आहात?" भिंती म्हटलं की आम्हाला कळतं, मंडळी ॲबीला गेली.

चूक तुमची नाही. गावाचं नावच नेटली ॲबी आहे. नकाशात ते टाकलं की तो तुम्हाला १२३९ साली स्थापन झालेल्या सिस्टर्शियन (एका ख्रिस्ती पंथाच्या) मठाच्या, म्हणजे ॲबीच्या, अवशेषांपाशी नेतो. छप्पर उडालेल्या उंच भिंती पाहून सगळ्यांना वाटतं, हेच ते रुग्णालय. मठ सुंदर आहे, सफर संपल्यावर जरूर पाहा, पण रुग्णालयाची जागा तिथून सुमारे दोन किलोमीटरवर आहे. चालत यायचं तर अर्धा तास जातो आणि सोबत आई-बाबा असतील तर त्यांचे गुडघे सुरुवातीलाच दमतात. रुग्णालयाच्या जागी आता उद्यान आहे, म्हणून नकाशात त्याचं नाव, 'रॉयल व्हिक्टोरिया कंट्री पार्क', असंच टाका. रेल्वेने येणार असाल तर नेटली स्टेशनवर उतरा, तिथून उद्यान दहाएक मिनिटांवर आहे. आम्ही चॅपलच्या, म्हणजे रुग्णालयाच्या जुन्या प्रार्थनाघराच्या, दाराशी उभे असतो. पंधरा मिनिटं थांबतो, मग निघतो. हा नियम काहींना कडक वाटतो, पण वेळेवर आलेल्यांना थंडीत ताटकळत ठेवणं आम्हाला पटत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न: रुग्णालयाची इमारत १९६६मध्ये पाडली, मग दाखवणार काय?

चॅपल उभं आहे, हिरव्या घुमटासकट. ते इमारतीच्या बरोबर मध्यावर होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून इमारत ४३४ मीटर पसरली होती. हा आकडा वाचून काही कळत नाही. चॅपलपासून एका टोकापर्यंत चालत गेलात आणि मागे वळून पाहिलंत की कळतं. म्हणूनच आम्ही ही सफर गाडीतून करत नाही. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घडीच्या खुर्च्या आणतो, सावकाश जातो.

रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धातल्या जखमींचे हाल पाहून राणी व्हिक्टोरियाने लष्करी रुग्णालयाचा आग्रह धरला आणि १९ मे १८५६ रोजी स्वतः कोनशिला बसवली. त्याच उन्हाळ्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल युद्धावरून परतल्या. आराखडा पाहून त्या अस्वस्थ झाल्या. लांबच लांब व्हरांडे समोर, ऊन आणि खाडीच्या बाजूला. रुग्णांच्या खोल्या मात्र मागे, ईशान्येकडे तोंड करून. दुसऱ्या बाजूला व्हरांडा असल्याने हवा आरपार खेळणार नव्हती. त्यांना हवे होते सुटे वॉर्ड, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेले. पंतप्रधान पामर्स्टन यांना ते पटलं. इमारत खाडीतून ऐटबाज दिसावी म्हणून रुग्णांची सोय बळी दिली, अशा अर्थाचं पत्र त्यांनी युद्धमंत्र्यांना लिहिलं. पण काम पुढे गेलं होतं. १८६३मध्ये १३८ वॉर्डांचं, सुमारे हजार खाटांचं रुग्णालय सुरू झालं. नाइटिंगेलबाईंच्या मताप्रमाणे बांधलेलं हर्बर्ट रुग्णालय नंतर लंडनच्या वुलिचला उभं राहिलं. आमच्या मते नेटलीची खरी गोष्ट हीच आहे, त्यामुळे इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबतो. जुनी छायाचित्रं हातात देतो, मग व्हरांडा कुठे आणि खाट कुठे हे तुम्हीच ओळखता.

आपल्याकडच्या वाचकांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. १८६३पासून १९०२पर्यंत आर्मी मेडिकल स्कूल इथे होतं आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये (ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरकारी वैद्यकीय सेवेत) निवडलेले डॉक्टर हिंदुस्थानात रुजू होण्याआधी इथेच शिकत. विषमज्वराच्या लशीवर काम करणारे ॲल्मरॉथ राइट इथले प्राध्यापक. प्लेगच्या चौकशीसाठी १८९८मध्ये नेमलेल्या आयोगावर ते हिंदुस्थानात आले होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरचे जखमी भारतीय जवानही नेटलीला आणले गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने इमारत घेतली आणि त्या व्हरांड्यांतून जीप चालवल्या, असं सांगतात. १९६३मध्ये आग लागली आणि तीन वर्षांनी इमारत गेली. तेव्हा कोनशिलेखालची पेटी उघडली, तिच्यात व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक होतं.

जवळच लष्करी दफनभूमी आहे. तिथे मोठ्याने बोलू नये, एवढी विनंती.

पूर्ण सफरीला तीन तास लागतात. ज्यांना घाई असते ते दीड तासात उरकायला सांगतात. तसंही करून देतो, पण मग दफनभूमी राहते आणि मंडळी पुन्हा येतात. मंडळाचा गट असेल तर तारीख आधी कळवा, मराठी नकाशा छापून ठेवतो. पायात बूट घाला, गवत दुपारपर्यंत ओलं असतं.