फोटो हलला की फोकस चुकला?

पोळा, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), लग्नसराई. विदर्भातल्या गावात फोटो काढायला निमित्तं कमी पडत नाहीत. त्यातले बरेच फोटो ब्लर येतात, मग काढणारा एकतर लेन्सला नावं ठेवतो नाहीतर नव्या कॅमेऱ्याच्या किमती पाहायला लागतो. "लेन्सच बदलून टाका ना भाऊ," असं सांगणारेही भेटतात. पण ब्लर फोटोंच्या दोन वेगळ्या जाती आहेत: एक हललेला, दुसरा फोकस चुकलेला. मोबाईलच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच धूसर दिसतात. उपाय मात्र उलटे आहेत. हललेल्या फोटोसाठी शटर (प्रकाश आत येऊ देणारा पडदा) वेगवान करावं लागतं आणि त्यासाठी अपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र) उघडावं लागतं. फोकस चुकण्याचा धोका कमी करायचा तर बहुतेक वेळा तेच अपर्चर बंद करावं लागतं. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की फोटो आणखी बिघडतो.

ओळखायचं कसं? फोटो मोठा करा, कॉम्प्युटरवर शंभर टक्के करून पाहिलात तर उत्तम. मग त्यात चकाकणारा एखादा ठिपका शोधा: घुंगरमाळेवर पडलेलं ऊन, डोळ्यातली चमक, मागच्या दुकानातला बल्ब. तो ठिपका ओढल्यासारखा लांबट झाला असेल, त्याची रेघ झाली असेल, तर फोटो हलला आहे. शटर उघडं होतं तेवढ्या वेळात तो बिंदू सेन्सरवरून (फोटो टिपणाऱ्या चिपवरून) सरकत गेला आणि आपली वाट मागे ठेवून गेला. ठिपका फुगून गोल चकती झाला असेल तर फोकस चुकला आहे. इथे किरण सेन्सरवर एका जागी न मिळता त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे मिळतात, आणि सेन्सरवर अपर्चरच्या आकाराचा डाग उमटतो. म्हणूनच थोडं बंद केलेल्या अपर्चरवर काही लेन्समध्ये ही चकती पाच किंवा सात कोनांची दिसते.

ठिपका सापडला नाही तर जमीन पाहा. बैलाचे डोळे धूसर आणि त्याच्या मागच्या खुराजवळचे खडे लख्ख दिसत असतील तर कॅमेरा स्थिर होता, फक्त नजर चुकली. जमीन, बैल, मागची भिंत सगळंच एकाच दिशेला फाकलेलं असेल तर तुमचा हात हलला. आणि मागची भिंत स्वच्छ पण बैलाची मान तेवढी पुसट असेल तर हात नाही, बैल हलला. म्हणजे हललेल्या फोटोतही पुन्हा दोन प्रकार आले, आणि तो फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. आणखी एक खूण: एका दमात पाच फोटो घेतले असतील आणि प्रत्येक वेगळ्या तऱ्हेनं बिघडला असेल तर ते बहुधा हलणं, पाचही अगदी सारखेच धूसर असतील तर फोकस.

हात हलण्याचा हिशोब सोपा आहे. जेवढी फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा), शटर निदान एक छेद तेवढं. छोट्या सेन्सरच्या म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यात त्याला दीडनं गुणायचं (कॅननमध्ये १.६ नं). २०० मिमीवर म्हणजे साधारण १/३०० सेकंद. लेन्सवर व्हीआर, आयएस किंवा ओएसएस लिहिलेलं असेल तर हाच फोटो १/६० लाही हाती लागतो, कारण लेन्समधलं एक भिंग तुमच्या हाताच्या उलट दिशेला हलत असतं. पण ते फक्त तुमचा हात सांभाळतं. बैल पळतोय हे त्या भिंगाला कळत नाही. महागडी स्टॅबिलायझरवाली लेन्स घेऊनही पटाचे फोटो पुसट येतात ते यामुळे.

शंकरपट हे दोन्ही दोष शिकायला सर्वांत चांगलं ठिकाण. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बैलांच्या शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला आणि पटांचा रस्ता मोकळा झाला, त्यामुळे हिवाळ्यात जवळपास कुठेतरी पट असतोच. जोडी ताशी ३६ किलोमीटरनं पळते असं धरू, म्हणजे सेकंदाला १० मीटर. तुम्ही पटाच्या बाजूला उभे आहात आणि जोडी डावीकडून उजवीकडे जाते आहे. १/१०० सेकंदात ती १० सेंटिमीटर सरकते. फोटोत बैलाला तोंड म्हणून काही उरत नाही. १/१००० ला हेच सरकणं १ सेंटिमीटर होतं, आणि धुरकऱ्याच्या चेहऱ्यावरचा आवेशही दिसतो. इथे फोकसचा त्रास जवळजवळ नाही. जोडी तुमच्या समोरून जाते त्या क्षणांत तिचं तुमच्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही, म्हणून आधीच पटाच्या मधोमध एखाद्या ढेकळावर फोकस लावून ठेवला तरी चालतं.

आता तिथून उठा आणि पट संपतो त्या टोकाला, अर्थात दोरीच्या बाहेर, जाऊन उभे राहा. जोडी थेट तुमच्याकडे येते आहे. सगळं उलटं झालं. आडवं सरकणं कमी, त्यामुळे १/५०० लाही फोटो फारसा हलत नाही. पण अंतर दर क्षणाला बदलतंय. २०० मिमी, अपर्चर एफ/५.६ (हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), बैल २० मीटरवर: एपीएस-सी कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा दोन-सव्वादोन मीटरचा असतो, म्हणजे फोकसच्या पुढे जेमतेम एक मीटर. बटण अर्धं दाबून फोकस धरला आणि पूर्ण दाबायला ०.२ सेकंद लागले, तेवढ्यात जोडी २ मीटर जवळ आली. फोटोत बैलांमागची धूळ सुरेख दिसते, बैल धूसर. इथे शटर १/४००० केलं तरी काही फरक पडणार नाही. फोकस मोड बदलावा लागतो: निकॉन आणि सोनीत एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) एआय सर्वो. यात बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा फोकस सतत सरकवत राहतो. बरेच जण कॅमेरा विकत घेतल्यापासून सिंगल मोडवरून हललेलेच नसतात.

मुद्दाम हलवलेल्या फोटोचाही इथेच उल्लेख करतो. बाजूला उभं राहून १/६० ठेवा आणि जोडीबरोबर कॅमेरा त्याच वेगानं फिरवत बटण दाबा. तोंडं बऱ्यापैकी स्पष्ट, पाय आणि मागची गर्दी रेघोट्यांसारखी. वेग दाखवायला यापेक्षा चांगली युक्ती नाही. जमायला मात्र बरेच फोटो वाया घालवावे लागतात.

पोळ्याचं प्रकरण वेगळं. तोरणाखाली जोड्या उभ्या असतात, झडत्या (पोळ्याची गाणी) चालू असतात, बैल फार हलत नाहीत, ऊनही असतं. इथला ब्लर बहुतेक वेळा फोकसचा. नवीन ५० मिमी एफ/१.८ लेन्स घेतलेली असते, मागचं सगळं विरघळलेलं हवं असतं, म्हणून अपर्चर पूर्ण उघडं. २ मीटरवर या लेन्सचा स्पष्ट पट्टा एपीएस-सी कॅमेऱ्यात साधारण ११ सेंटिमीटर भरतो. आणि बैलाचं तोंड? नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत सहज फूटभर अंतर. सगळे फोकस पॉइंट चालू असले की कॅमेरा साधारणपणे सर्वांत जवळचं धरतो, म्हणजे नाक. नाकपुडीवरचा ओलावा, वेसणीचा पीळ, सगळं लख्ख. डोळा लोण्यासारखा, आणि शिंगांवरचा रंग, बाशिंग, झूल हे नुसते रंगांचे ढग. मालकाला फोटो दाखवला की तो म्हणतो, "काऊन बे, हा तर हलला ना!" हललेला नाही. एकच फोकस पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा आणि अपर्चर एफ/५.६ करा, पट्टा पस्तीसेक सेंटिमीटर होतो; एफ/८ ला अर्धा मीटर. मागची गर्दी जरा जास्त दिसेल. दिसू द्या, पोळ्याच्या फोटोत गाव दिसलं तर बिघडलं काय?

आता तीच लेन्स घेऊन रात्री नाटकाला चला. वडसा म्हणजे देसाईगंज हे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक मंडळ्यांचं माहेर. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत गावोगाव रात्रभर प्रयोग रंगतात. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्सनं ५५ मिमीवर अपर्चर एफ/५.६ पर्यंतच उघडतं. स्टेजच्या उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १६०० वर शटर समजा १/२५ येतं, आणि संवाद म्हणणाऱ्या पात्राचा हातही पंख्याच्या पात्यासारखा दिसतो. ५० मिमी एफ/१.८ लावली की उजेड जवळपास दहापट, म्हणजे तोच फोटो १/२५० ला. आणि डेप्थ? स्टेज ८ मीटरवर असेल तर एफ/१.८ लाही स्पष्ट पट्टा १.८ मीटरच्या आसपास असतो. पोळ्यात तोरणाखाली बैलाचं नाक आणि डोळा एकत्र न मावणाऱ्या याच अपर्चरमध्ये इथे राजा आणि त्याच्या शेजारचा प्रधान दोघेही मावतात, कारण अंतर वाढलं. अपर्चरचा आकडा बघून भिण्यात किंवा खूश होण्यात अर्थ नाही. अंतर किती, हे त्याच्यासोबत विचारायलाच हवं.

तरीही उजेड कमी पडला तर आयएसओ चढवा, ३२००, ६४००. ग्रेन (दाणेदारपणा) येईल. ग्रेन आलेला चेहरा ओळखू येतो, सॉफ्टवेअरमध्ये साफही होतो. हललेला चेहरा परत मिळत नाही. नाटकात फोकस चुकतो तो बहुधा मागच्या रंगवलेल्या पडद्यामुळे किंवा पुढे टांगलेल्या माईकमुळे, कारण अंधारात कॅमेऱ्याला ठळक कडा लागते आणि त्या दोन्हींना ती असते. मधला पॉइंट घ्या आणि पात्राच्या दागिन्यावर किंवा कपाळाच्या टिळ्यावर धरा. स्टेजला स्वस्त एलईडी असतील तर वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/१०० वर ते बहुधा जातात. मात्र १/१०० ला नाचणारे हात पुन्हा थोडे हलतील. तेवढी तडजोड करावीच लागते.

लेन्सलाच दोष असतो असं कधी होतं का? होतं, पण क्वचित, आणि तपासल्याशिवाय म्हणू नये. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो घेणारा वेगळा असतो. त्या दोघांचं जुळत नसेल तर फोकस दरवेळी थोडा पुढे किंवा मागे पडतो. स्टीलची पट्टी टेबलावर तिरकी टेकवा, कॅमेरा स्टँडवर किंवा विटांवर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, पट्टीवरच्या १५ च्या आकड्यावर फोकस करा. एकदा व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून), एकदा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर पाहून). लाइव्ह व्ह्यूत १५ स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरमधून दरवेळी १३ किंवा १७ स्पष्ट येत असेल, तर सर्व्हिस सेंटर गाठा. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) फोकसही मुख्य सेन्सरच मोजतो, त्यामुळे ही भानगड नाही. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना धूसर पण फोटो स्वच्छ, असं असेल तर व्ह्यूफाइंडरशेजारचं बारीक चाक फिरलंय. ते तुमच्या चष्म्याच्या नंबरसाठी असतं. एवढ्यासाठी लोक तालुक्याला खेप मारतात.

ताडोब्यात मे महिन्यात जाणाऱ्यांना तिसरंच काहीतरी भेटतं. वाघ दूर, भाड्यानं आणलेली १५०-६०० लेन्स, शटर १/१६००, जिप्सीच्या दांड्यावर धानानं भरलेली पिशवी आणि तिच्यावर लेन्स टेकवलेली. हलण्याचा प्रश्नच नाही. फोकस डोळ्यावर, मधे गवताची काडीही नाही. तरी पट्टे विरघळल्यासारखे. ही तापलेल्या हवेची करामत: जमिनीलगतची गरम हवा आणि वरची त्यामानानं थंड हवा प्रकाशाला वेगवेगळं वाकवतात, रस्त्यावर मृगजळ दिसतं तेच. खूण अशी की लागोपाठच्या फोटोंत कडा वेगवेगळ्या जागी लहरतात. याला कोणतीही लेन्स उपाय नाही, उलट जितकी लांब लेन्स तितका त्रास उठून दिसतो. सकाळच्या पहिल्या तासाची सफारी घ्या, किंवा वाघ जवळ येईपर्यंत थांबा.

मोबाईलबद्दल थोडक्यात. त्याचा सेन्सर लहान, त्यामुळे डेप्थ भरपूर; दोन-चार मीटरवरचा मोबाईल फोटो ब्लर असेल तर तो जवळजवळ नेहमी हललेला असतो. फोकस चुकतो तो कपाशीच्या बोंडाला फोन अगदी चिकटवल्यावर. तेव्हा वीतभर मागे या आणि थोडा झूम करा. सगळ्या दिव्यांना एकाच दिशेच्या लांब शेपट्या आणि चेहऱ्यांवर दुधाळ पडदा असेल तर काचेवर बोटाचं तेल आहे, पुसा. आणि नाटकात नाईट मोड बंद ठेवा. तो अनेक फोटो एकावर एक चढवून एक बनवतो. नेपथ्य छान येतं, पण नाचणारीला चार हात फुटतात. साध्या मोडवर ठेवून, लावणीचा ठेका संपताना ती जिथे क्षणभर थांबते, तिथे बटण दाबा.