माळावरचा तरवड

सोलापूरहून नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जाताना भाद्रपद-आश्विनात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्याधमक फुलांनी लदलेले जे झुडूप दिसते, ते तरवड. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मुरमाड जमीन एवढे त्याला पुरते. गुरे त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईने गवत संपले तरी तो उरतो. माळावर तरवड माजणे हे खरे तर कुरण खालावल्याचे लक्षण आहे.

त्याचा जुना लौकिक मात्र औषधापेक्षा कातड्याचा आहे. संस्कृतात त्याला आवर्तकी म्हणतात, तसेच चर्मरंगाही म्हणतात, आणि या दुसऱ्या नावातच त्याचा उपयोग सांगितलेला आहे. सालीत टॅनिन भरपूर असल्यामुळे दक्षिण भारतात कातडी कमावण्यासाठी तिला मोठी मागणी असे. पुढे दक्षिण आफ्रिकेतून येणारी वॅटल झाडाची साल आणि क्रोमची रासायनिक पद्धत रूढ झाल्यावर ती मागणी ओसरली. लिनियसने 1753 मध्ये या वनस्पतीला ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ हे नाव दिले, ते पानाच्या देठाशी असणाऱ्या कानाच्या आकाराच्या उपपर्णांवरून. आज ती ‘सेन्ना’ या प्रजातीत गणली जाते, म्हणजे सोनामुखीची ती जवळची नातलग आहे.

कातडे घट्ट करणारा हा तुरटपणाच वैद्यकातही कामी आला. सालीचा काढा अतिसारावर आणि घसा धरल्यास गुळण्यांसाठी, बियांचे चूर्ण डोळ्यांच्या विकारांवर, तर फुले आणि बिया मधुमेहावर देण्याची परंपरा आहे. तमिळनाडूतील ‘सिद्ध’ या पारंपरिक वैद्यकपद्धतीत ‘आवारम’ या नावाने त्याचा मान आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि श्रीलंकेत त्याच्या पानांचा चहा ‘मातरा चहा’ म्हणून ओळखला जातो. फुलांच्या अर्काने मधुमेही उंदरांच्या रक्तातील साखर कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे; पण तेवढ्यावरून चालू गोळ्या बंद करून तरवडाची पूड घेणे शहाणपणाचे नाही. डोळ्यांत घरगुती चूर्ण घालणे तर टाळलेलेच बरे.

सोलापुरात या झुडपाला दोन भाषांत घर मिळाले आहे. मराठी घरांत नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. गिरण्या आणि मागांच्या आधाराने तेलंगणातून येऊन शहराच्या पूर्व भागात स्थिरावलेल्या पद्मशाली कुटुंबांत हेच फूल ‘तंगेडु’ म्हणून बतुकम्मा या तेलुगू सणातल्या फुलांच्या रचनेत लागते, शेजारी कुरडूचे तुरे असतात. तेलंगणाने राज्यफुलाचा मान याच तंगेडुला दिला आहे. आपल्याकडे मात्र तो मुद्दाम कोणी लावत नाही. माळेपुरती फुले आजही माळावरूनच तोडून आणली जातात.