भीमथडीचे तट्टू: पागेतून धनगराच्या वाड्यापर्यंत

‘भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजले’ हे वाक्य आपण भाषणांत इतक्यांदा ऐकले आहे, की त्यातले तट्टू खरे होते हेच विसरायला झाले. आज भीमथडी म्हटले की पुणेकरांना आधी डिसेंबरातली जत्रा आठवते. थडी म्हणजे नदीकाठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी, नीरेच्या काठचा तो नीरथडी. ब्रिटिश अमदानीत पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाही होता. याच कोरड्या पट्ट्यात हे घोडे पैदा होत.

कोकणच्या बंदरांतून आलेले अरबी घोडे आणि इथली गावठी जनावरे यांच्या संकरातून ही जात घडली, असे सामान्यतः मानले जाते. अंगाने लहान, पण काटक. मराठ्यांच्या लढाईला असेच जनावर हवे होते. मागे जड तोफखाना आणि बाजारबुणगे न ठेवता मोठी मजल मारायची, मिळेल ती वैरण घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि घरचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. यातला शिलेदार इथे महत्त्वाचा. घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा, त्यामुळे पैदास फक्त सरकारी पागेत अडकून न राहता गावोगाव पसरली. 1758 मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्यामागे या गावोगावच्या पैदाशीचेही बळ होते.

1809 साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेला इंग्रज अधिकारी ब्रॉटन आपल्या पत्रांत लिहितो, की मराठ्यांत सर्वात नावाजलेला घोडा भीमेकाठचा: मध्यम उंचीचा, मजबूत, देखणा, बहुधा गडद कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा, आणि पाय काळे.

त्यानंतर नऊच वर्षांत पेशवाई बुडाली. शिलेदारी संपली आणि घोड्याचे गिऱ्हाईकही गेले. इंग्रजी लष्कराला उंच घोडा हवा होता. तो पुढे ऑस्ट्रेलियातून जहाजे भरभरून येऊ लागला. मग रेल्वे आली, सडका झाल्या. दख्खनी घोडा नामशेष झाल्यासारखाच आहे, असा समज हळूहळू रूढ झाला.

घोडा मात्र होता. इतिहासाच्या पुस्तकात नव्हता, धनगराच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामावर होता. दिवाळीनंतर फलटण, बारामती, माण भागातले मेंढपाळ कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या आधी घाट चढून परत येतात. वाटेत शेतात मेंढ्या बसवायच्या आणि खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, असा हा जुना व्यवहार. या चालीत सगळे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते: भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, कधी कधी घरातले लहान पोरही. चंदीचे, म्हणजे खास दाण्याचे, लाड नाहीत, तबेला नाही. ओझे वाहून घाट चढेल तेच जनावर टिकते. मला वाटते, या जातीची खरी निवड दोनशे वर्षे अशीच होत राहिली. कोणत्याही संस्थानिकाच्या तबेल्याने हे काम केले नाही.

सरकारी दफ्तरात नाव लागायला मात्र 2024 उजाडले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केल्याचे त्या वर्षाच्या सुरुवातीला जाहीर झाले. मारवाडी, काठियावाडी, झांस्कारी, स्पिती, मणिपुरी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतर ही देशातली आठवी जात. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत मिळून जेमतेम पाच हजार घोडे असावेत, असा अंदाज तेव्हा बातम्यांत आला होता.

नोंदीचा उपयोग आहे. जात कागदावर आली की तिची लक्षणे ठरतात, वंशावळ ठेवता येते, शुद्ध नर कोणता हे सांगता येते. वरातीसाठी आणि मिरवण्यासाठी उंच, झोकदार घोड्याला भाव मिळतो. म्हणून मारवाडी किंवा काठियावाडी नर लावण्याचा मोह होतो, आणि दोन-तीन पिढ्यांत भीमथडीचा बांधा हरवू शकतो. ते रोखायला कागद हवाच.

पण घोडा पाळणारा माणूस तो कागदासाठी पाळत नाही. त्याच्या वाटेवरची माळराने उसाखाली गेली, गायराने कमी झाली, वनजमिनीत चराईला मज्जाव झाला. आता काही बिऱ्हाडे टेम्पोतून जातात. भांडी, कोकरे, कोंबड्या सगळे टेम्पोत मावते, आणि टेम्पोला वैरण लागत नाही.