मधुमेह असलेल्या घरांसाठी पावसाळ्याचा डबा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बडोद्यातील आमच्या दांडिया बाजारातल्या दुकानातून भाजणी, मेतकूट आणि महिन्याचा किराणा नेणाऱ्या कुटुंबांपैकी कोणाच्या घरी मधुमेह आला आहे, हे आम्हांला बहुतेक वेळा यादीवरूनच कळते. साखर पाच किलोंवरून एकावर येते, तांदूळ घटतो, ज्वारी आणि नाचणी वाढते, आणि दोन महिन्यांनी कोणीतरी संकोचून ‘शुगर-फ्री’ बिस्किटे आहेत का, असे विचारते. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर मात्र याच घरांकडून एक वेगळा प्रश्न वारंवार आला. पुन्हा असे तीन-चार दिवस घरात अडकून पडण्याची वेळ आली, तर आमच्यासाठी काय भरून ठेवावे? त्या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या गर्दीत नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

त्या वर्षी जन्माष्टमीच्या सुमारास झालेल्या पावसानंतर विश्वामित्री नदीचे पाणी ३५ फुटांच्या वर चढले होते. धोक्याची पातळी २५ फूट मानली जाते. पाऊस थांबल्यानंतरही अनेक वस्त्यांतले पाणी लगेच उतरले नाही, वीज नव्हती, आणि तळमजल्यावरचे फ्रिज निरुपयोगी झाले होते. त्याआधी ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता. तेव्हा अशा प्रसंगाला ‘कधी नव्हे तो’ म्हणण्यात आता अर्थ उरलेला नाही. घरातील सुदृढ माणूस अशा वेळी बटाट्याच्या वेफरवर आणि चहा-बिस्किटांवर दोन दिवस काढू शकतो. ज्याला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन किंवा गोळी घ्यावी लागते, त्याला ते करता येत नाही. कारण औषध ठरलेल्या मात्रेत पोटात जात असते आणि अन्न मात्र कधी उशिरा, कधी कमी, कधी नुसत्या मैद्याच्या रूपात मिळत असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि या पत्रकात आम्हांला मुख्यतः तीच सांगायची आहे. मधुमेहींच्या डब्याचे दोन भाग असतात आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पहिल्या भागात रक्तातील साखर हळूहळू वाढवणारे, वेळेवर खाता येईल असे नेहमीचे अन्न असावे. दुसऱ्या, लहान भागात साखर एकाएकी उतरल्यास ती झटपट वर आणणारा गोड पदार्थ असावा. अनेक घरांत पहिला भाग बऱ्यापैकी असतो आणि दुसरा मुळीच नसतो, कारण मधुमेहाच्या घरात ग्लुकोजचा डबा ठेवणे लोकांना विसंगत वाटते.

आधी या लहान भागाविषयी, कारण जीव त्यावर अवलंबून असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांना, जेवण चुकले तर साखर उतरण्याचा धोका असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तो बराच कमी असतो. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकाएकी भूक लागणे, चिडचिड किंवा बोलण्यात असंबद्धता ही त्याची लक्षणे होत. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल, तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो, हे घरातल्यांनी ध्यानात ठेवावे. ग्लुकोमीटरवर, म्हणजे रक्तातील साखर मोजण्याच्या यंत्रावर, आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली आला असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात मिसळून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि आकडा वर आला नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. साखर सावरली आणि पुढच्या जेवणाला अवकाश असेल, तर मूठभर फुटाणे किंवा एखादा खाकरा खायला द्यावा, म्हणजे ती पुन्हा घसरत नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, गूळही नाही आणि साखरेचे पाणीही नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा वेळी १०८ वर फोन करावा.

इथे साधी साखर का सांगत नाही, असे ग्राहक विचारतात. बहुतेकांना साखर चालते. परंतु व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असलेल्यांच्या आतड्यात साखरेचे विघटन मंदावलेले असते, म्हणून त्यांची रक्तातील उतरलेली साखर साध्या साखरेने लवकर वर येत नाही. त्यांना ग्लुकोजच लागते. आपल्याकडे व्होग्लिबोज पुष्कळांना दिली जाते आणि ती अनेकदा दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असते, त्यामुळे आपण ती घेतो हे रुग्णाला ठाऊकही नसते. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरे एकदा चष्मा लावून वाचावीत. पेढा किंवा चॉकलेट या कामाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. दुकानात आम्ही ग्लुकोज पावडरच्या वजन केलेल्या १५ ग्रॅमच्या पुड्या बांधून देतो, म्हणजे अंधारात चमचे मोजत बसावे लागत नाही. सहा पुड्या एका झाकणाच्या डबीत ठेवाव्यात आणि ती डबी नातवंडांच्या हाताला लागणार नाही, पण आजीच्या हाताला लागेल, अशा जागी असावी.

आता मोठ्या भागाकडे वळू. तीन दिवस गॅस मिळणार नाही, असे गृहीत धरूनच तो भरावा. पाइपचा गॅस बंद होऊ शकतो आणि इंडक्शनची शेगडी विजेशिवाय पेटत नाही. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे शीतळा सातमीला चूल पेटवायची नसते आणि आदल्या दिवशी केलेले थंड अन्न खाल्ले जाते. २०२४ चा पूर त्या सणाच्या पाठोपाठ आला, त्यामुळे अनेक घरांत थेपल्यांची चळत अनायासे तयार होती. थेपला मधुमेहींना सोयीचा आहे: त्यात गव्हाच्या पिठाबरोबर मेथी आणि थोडे बेसन असते, आणि पाण्याऐवजी तेल-दह्यात भिजवलेला असेल तर तो दोन-तीन दिवस टिकतो. हवामान खात्याचा इशारा आल्यावर करण्यासारखा हा पदार्थ आहे. इशाऱ्याविना आलेल्या पाण्यासाठी मात्र महिनोन्‌महिने राहणारे अन्न हवे.

त्यात आमच्या मते पहिला मान फुटाण्यांचा. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम फुटाण्यांत सहा-सात ग्रॅम प्रथिने आणि भरपूर तंतू मिळतात, त्यामुळे त्यातले कार्बोदक रक्तात संथपणे उतरते. तेवढ्याच वजनाचे चुरमुरे जवळजवळ निव्वळ पिष्ट असतात आणि साखर भरभर वाढवतात. चुरमुऱ्यांचा डबा हलका म्हणून हाताशी येतो, पण तो मधुमेहींच्या हिशेबात धरू नये. भाजलेले शेंगदाणे, बदाम, तीळ आणि जवसाची चटणी यांत कार्बोदक थोडे असते आणि त्यांनी पोटाला आधार मिळतो. डाळ्याचे पीठ हा तर आम्हांला सर्वांत उपयोगी पदार्थ वाटतो. तीन-चार चमचे पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून, त्यात मीठ, जिऱ्याची पूड आणि थोडे मेतकूट घातले की चूल न पेटवता एका वेळचा आधार होतो, आणि दात नसलेल्या वृद्धांनाही ते घेता येते. बाजारात मिळणारे सातूचे तयार पीठ घेताना मात्र त्यात गूळ किंवा साखर घातलेली नाही ना, हे पाहावे.

खाकरा टिकतो, हलका असतो आणि बडोद्यात कोपऱ्यावर मिळतो. तो म्हणजे कुरकुरीत भाजलेली पातळ पोळीच आहे, हे मात्र विसरले जाते. जेवताना दोन फुलके घेणारा माणूस गप्पांच्या ओघात पाच-सहा खाकरे सहज संपवतो आणि आपण काही जेवलोच नाही, असे समजून वर पोहेही खातो. खाकऱ्यांची गणती पोळीप्रमाणेच ठेवावी आणि प्रत्येक वेळी त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी किंवा फुटाणे घ्यावेत. पोहे पाण्यात भिजवून दडपे करता येतात म्हणून ते ठेवावेत, पण लहान वाटीभर, आणि दाणे-डाळे सढळ हाताने घालून. ज्वारीच्या लाह्या ताकात चांगल्या लागतात. दुधासाठी टेट्रापॅक उत्तम. उघडल्यावर फ्रिजशिवाय ते लगेच संपवावे लागते, म्हणून मोठ्याऐवजी २०० मिलिलिटरचे घ्यावे.

श्रावण असल्यामुळे अनेक घरांत साबुदाणा आणि उपवासाचा बटाट्याचा चिवडा भरलेला असतो आणि अडचणीच्या दिवशी हात तिकडे जातो. साबुदाणा जवळजवळ पूर्णपणे पिष्ट आहे. त्याने साखर जितकी लवकर चढते, तितका वेळ पोट भरलेले राहत नाही. बडोद्याच्या लीलो चिवड्याचे आम्ही चाहते आहोत, पण त्यात साखर आणि मनुका असतात, तेव्हा तो घरातल्या इतरांसाठी.

‘शुगर-फ्री’ बिस्किटांविषयी मोकळेपणाने लिहितो, जरी ती आमच्या काउंटरवर आहेत. साखर नसली तरी मैदा असतोच, आणि मैद्याचे शेवटी ग्लुकोजच होते. पाकिटाच्या मागे दर १०० ग्रॅमला एकूण कार्बोदके किती, हे छापलेले असते. ‘शर्करा’ शून्य असल्याच्या आनंदात तो आकडा वाचायचा राहतो. काही पदार्थांत साखरेऐवजी माल्टिटॉलसारखी द्रव्ये असतात आणि ती जास्त खाल्ली तर पोट बिघडते. नळाला पाणी नसलेल्या घरात हे किती गैरसोयीचे ठरेल, ते वेगळे सांगायला नको. एका पाकिटापेक्षा अधिक घेऊ नये, असेच आम्ही सुचवतो.

पिण्यासाठी आणि जुजबी स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन लिटर पाणी धरावे. साखर वाढलेली असताना लघवी जास्त होते आणि शरीर लवकर कोरडे पडते, म्हणून मधुमेहींसाठी यात काटकसर नको. जुलाब लागले तर ओ.आर.एस. गोड आहे म्हणून टाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातील एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि ते क्षार शोषले जाण्यासाठी आवश्यक असते. मात्र पुडीचेच द्रावण करावे. तयार गोड पेये त्याच्या जागी घेऊ नयेत. उलट्या होत असतील किंवा अन्न जात नसेल, तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील, तर उपाशी राहावे लागल्यास त्या घ्यायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरांना पावसाळ्यापूर्वीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ज्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेले आहे, त्यांनी वरील दाणे, डाळी आणि दुधाची प्रमाणेही डॉक्टरांना दाखवूनच ठरवावीत, कारण त्यांच्यासाठी हीच यादी जड पडू शकते.

इन्सुलिन हे आमच्या विक्रीतले नाही, तरी त्याच्याबद्दल विचारणा होते म्हणून थोडक्यात. न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले बहुतेक प्रकार खोलीच्या तापमानाला साधारण २८ दिवस चालतात, नेमकी मुदत त्या औषधाच्या कागदावर असते. वीज गेल्यावर ते बर्फाला चिकटवून ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मातीचा ओला माठ उन्हाळ्यात चांगला थंडावा देतो. दमट पावसाळी हवेत पाणी कमी उडते, म्हणून तेव्हा त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

साठवणीत पावसाळ्यातला खरा शत्रू दमटपणा आहे. खाकरे मऊ पडतात, शेंगदाणे खवट होतात, फुटाण्यांत किडे होतात. स्टीलचे घट्ट झाकणाचे डबे वापरावेत, प्रत्येकावर भरल्याची तारीख चिकटवावी, आणि डबे माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावेत. हा शेवटचा मुद्दा आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत. २०२४ मध्ये सखल भागातल्या आमच्या गोदामात खालच्या दोन फळ्यांवरची सारी भाजणी पाण्यात गेली. त्यातली काही पाकिटे वरून कोरडी दिसत होती आणि आमच्यापैकी एकाने ती वाचवावीत असे सुचवलेही होते. आम्ही ती टाकून दिली. पुराचे पाणी गटारांतून येते. त्याचा स्पर्श झालेले प्लास्टिकचे पाकीट, मग ते सीलबंद का असेना, खाण्यात आणू नये. मधुमेहींना जंतुसंसर्ग लवकर होतो आणि संसर्गात साखर आणखी चढते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबीही ओलाव्याने खराब होते, तेव्हा ती झाकण लावून झिपच्या पिशवीत ठेवावी आणि त्याच पिशवीत औषधांच्या चिठ्ठीची प्रत ठेवावी.

एका माणसाच्या तीन दिवसांसाठी आम्ही साधारणपणे ४०० ग्रॅम फुटाणे, २०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, ३०० ग्रॅम डाळ्याचे पीठ, १०० ग्रॅम मेतकूट, १५ खाकरे, २०० ग्रॅम ज्वारीच्या लाह्या, दुधाची सहा लहान टेट्रापॅक आणि ग्लुकोजच्या सहा पुड्या, असा संच बांधतो. तो ठरावीक नाही. आहारतज्ज्ञांनी वेगळे प्रमाण दिले असेल तर ती चिठ्ठी दाखवावी, आम्ही तसे वजन करून देऊ. घरात दोन मधुमेही असतील आणि एकच इन्सुलिन घेत असेल, तर दोघांचे डबे निरनिराळे भरून त्यांवर नावे घालावीत.

संच जूनच्या पहिल्या आठवड्यात न्यावा. नवरात्र सुरू झाले की फुटाणे चटणीत आणि डाळ्याचे पीठ लाडवांऐवजी आमटी दाट करायला वापरून टाकावे. ग्लुकोजच्या पुड्या मात्र वर्षभर जागच्या जागी राहू द्याव्यात आणि त्यांवरची मुदत दिवाळीच्या साफसफाईत तपासावी. ओलावा लागून घट्ट झालेली पुडी परत आणल्यास आम्ही ती विनामूल्य बदलून देतो.