ठासणीची बंदूक (कोकण)

ठासणीची बंदूक: नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि छर्रे किंवा गोळी घालून गजाने ठासून भरावयाची, खांद्याला टेकवून उडवावयाची, बहुधा एकनळी बंदूक. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आणि रायगडच्या डोंगराळ भागात ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगली जाते. बोलण्यात तिला नुसते ‘बंदूक’ म्हणतात. मागून काडतूस भरावयाची असेल तरच ‘काडतुसाची’ असे विशेषण लागते. घराची राखण आणि बागेची राखण या कायद्याने वेगळ्या मानलेल्या दोन गोष्टी कोकणात एकाच हत्याराकडे सोपविल्या गेल्या आहेत, आणि या बंदुकीविषयीचे बहुतेक प्रश्न तेथूनच निर्माण होतात.

शब्द. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून फार्सीमार्गे मराठीत आला, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो त्यामागील व्युत्पत्तीविषयी. एका मतानुसार अरबीत व्हेनिस शहराला ‘अल्-बुंदुकिय्या’ म्हणत आणि तेथून येणाऱ्या हत्याराला शहराचे नाव मिळाले. दुसऱ्या मतानुसार ‘बुंदुक’ म्हणजे हेझल झाडाचे कठीण कवचाचे गोल फळ. हा शब्द स्वतः ग्रीकमधील ‘पाँटसचे फळ’ या अर्थाच्या शब्दापर्यंत नेला जातो. या फळाच्या आकारावरून मातीच्या किंवा शिशाच्या गोळीला, पुढे गोळी फेकणाऱ्या धनुष्याला व शेवटी बंदुकीला तेच नाव पडले, असे हे मत सांगते. गोळी या अर्थी हा शब्द दारूच्या हत्यारांपूर्वीच रूढ असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. शहराच्या नावाशी असलेल्या उच्चारसाम्याने त्याला नंतर बळ मिळाले असणे शक्य आहे. ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ हे शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आले असावेत, असे सामान्यतः मानतात. बंदुकीच्या अंगांची नावे बहुतांशी देशी वळणाची आहेत: नळी, दस्ता, चाप, घोडा, गज, कान (नळीच्या बुडाचे बत्तीचे छिद्र), माशी (नेमासाठी नळीच्या टोकावर बसविलेला मणी). वृत्तपत्रांत ‘घोडा’ आणि ‘चाप’ यांची सर्रास गल्लत होते. बोट ओढते तो चाप, आणि आघात करतो तो घोडा. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचारही ठासणीच्या बंदुकीशी नीट जुळतो, कारण तिच्यात दारू दमट झाली की टोपी (आघाताने पेटणारी तांब्याची छोटी वाटी) वाजते आणि गोळी नळीतच राहते.

‘ठासणीची’ आणि ‘काडतुसाची’ अशी जी विभागणी लोक करतात, ती आजच्या व्यवहाराला पुरेशी असली तरी इतिहासाला धरून नाही. 1857च्या उठावात गाजलेले काडतूस हे दारू व गोळी एकत्र बांधलेली कागदी पुडी होती, आणि ज्या एन्फील्ड बंदुकीसाठी ती पुडी दिली जाई ती तोंडाकडूनच ठासून भरावी लागे. धातूच्या बुडाचे काडतूस आणि मागून उघडणारी नळी यांची जोडी नंतर रूढ झाली.

पूर्वेतिहास. भारतात दारूची हत्यारे केव्हा आली, हा वादाचा विषय आहे. शुक्रनीती या राजनीतीवरील संस्कृत ग्रंथातील ‘नालिक’ अस्त्राच्या व अग्निचूर्णाच्या वर्णनावरून जर्मन संस्कृततज्ज्ञ गुस्टाव्ह ऑपर्ट यांनी 1880 मध्ये ही विद्या भारतात अतिप्राचीन असल्याचे प्रतिपादन केले होते. तथापि त्या ग्रंथाचा उपलब्ध पाठच बराच उत्तरकालीन, काहींच्या मते थेट एकोणिसाव्या शतकातील, असल्याचे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले असून आज हा पुरावा सहसा स्वीकारला जात नाही. बहमनी व विजयनगर यांच्या चौदाव्या शतकातील युद्धांत तोफा असल्याचे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तो सतराव्या शतकाच्या आरंभी लिहीत होता, हे ध्यानात घेऊन त्याचे विधान सावधपणे घ्यावे लागते. दख्खनच्या सत्तांना पंधराव्या शतकात दारूचा उपयोग परिचित होता, एवढे म्हणण्यास हरकत नाही. किनाऱ्यावर हातबंदुकीचा सुळसुळाट झाला तो पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतर. गोव्याचे कारागीर बोहेमियातील कारागिरांच्या तोडीच्या बंदुका घडवितात, अशा आशयाचे पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने 1513च्या सुमारास राजाला कळविल्याचे सांगतात. त्यातून असे दिसते की ही कला कोकणच्या वेशीवर फार लवकर देशी हातांत गेली होती.

या काळातील बंदूक तोड्याची होती. पेटती दोरी कानाशी ठेवलेल्या रंजकीला (बत्तीच्या बारीक दारूला) टेकवून तिचा बार काढीत. युरोपात पुढे रूढ झालेली चकमकीची बंदूक देशी सैन्यांत तोड्याच्या बंदुकीला सहजी हटवू शकली नाही; तोडा स्वस्त होता व गावच्या लोहाराला दुरुस्त करता येई. आज कोकणात दिसणारी ठासणीची बंदूक या दोन्हींहून वेगळी, टोपीची आहे. आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा बंदुकीसाठी उपयोग करण्याचे एकस्व (पेटंट) अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने 1807 मध्ये घेतले, 1820च्या आसपास तांब्याची छोटी टोपी प्रचारात आली, आणि 1840च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने ती पद्धत स्वीकारली. म्हणजे जिला ‘शिवकालीन’ म्हणून कौतुकाने दाखविले जाते, त्या घरगुती बंदुकीची यंत्रणा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापलीकडे जात नाही. जुनी तोड्याची नळी ठेवून तिला पुढे टोपीची कळ बसविलेली असू शकते. नळीच्या बुडाशी बुजविलेला कान सापडला तर तशी शंका घ्यावी.

रचना व स्वभाव. नळी आतून गुळगुळीत असते, तिला आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) नसतात. दारूवर बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा असा क्रम असतो. बोळ्यासाठी काथ्या, चिंध्या किंवा कागद वापरतात. काळ्या दारूची जळकी राख हवेतील ओल शोषते आणि लोखंडाला खाते. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि वर्षभर खारा वारा असलेल्या या पट्टीत बार काढल्यानंतर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, पुसून तेल लावली नाही, तर पुढच्या भातापर्यंत ती आतून खवल्यांनी भरते. अशी खाल्लेली नळी फाटण्याचा धोका असतो. भरलेली बंदूक रिकामी करण्याचा सोपा मार्ग नसणे हा या हत्याराचा मोठा दोष होय. सहसा बार काढूनच ती रिकामी केली जात असल्याने ती भरलेल्या अवस्थेत खुंटीला राहते आणि घरातल्या कोणाला ते ठाऊक नसते. एकावर दुसरा बार ठासला गेल्याने होणारे अपघात याच सवयीतून घडतात. गजावर रिकाम्या नळीच्या खोलीची खूण करून ठेवण्याची जुनी रीत यावर सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कायदा. 1857 नंतरचे निःशस्त्रीकरण 1878च्या शस्त्र कायद्याने पक्के झाले. कर्नाटकातील कोडगूच्या (कूर्गच्या) लोकांना परवान्यातून मिळालेली सूट आजही चालू आहे. कोकणाला तशी सूट नाही. 1959चा शस्त्र अधिनियम 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात एक भेद आहे, आणि कोकणातील बंदुकीचे स्वरूप त्यानेच ठरविले आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची, आटे नसलेली बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, असे दोन वेगळे हेतू तेथे सांगितले आहेत. पीकसंरक्षणाला ठासणीची पुरेशी नाही, असे परवाना अधिकाऱ्याला वाटले तरच तो त्या कामासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. बागायतदार बंदूक ‘निवडतो’ असे म्हणणे त्यामुळे पूर्णतः खरे नाही. अर्जातील हेतूचा रकानाच ती निवडतो. इतरत्र संग्रहालयात गेलेली यंत्रणा येथे वापरात टिकली, याचे कारण परंपरेचा अभिमान हे सांगितले जाते, पण त्याहून हे कलम अधिक जबाबदार असावे.

परवाना जिल्हादंडाधिकारी देतो व त्यापूर्वी पोलिसांचा अहवाल घेतला जातो. अर्जदाराचे वय 21 पूर्ण असावे लागते. 2019च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे केली. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. ही गोष्ट कोकणात फार अडचणीची ठरते, कारण परवानाधारक मुंबईत आणि बंदूक, बाग व वृद्ध आईवडील गावी, अशी स्थिती पुष्कळ घरांत आहे. परवान्यावर नाव नसलेल्या पुतण्याने वानर हाकलायला तीच बंदूक उचलली, तर तो गुन्हा ठरतो. 2016च्या नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद असून धारकाचे वय 70 झाल्यावर किंवा बंदूक 25 वर्षे बाळगल्यावर तो हयातीतच वारसाच्या नावे अर्जाची वाट मोकळी करू शकतो.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर, वानर, माकड व गवा यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबाबत अकराव्या कलमाखाली अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्‌भावनेने केलेली कृती तेवढी वेगळी मानली आहे. प्रत्यक्षात बागेतील बहुतेक बार हवेत, आवाजासाठी काढले जातात. 2002 पासून कर्नाटकातून दोडामार्ग भागात येऊ लागलेल्या हत्तींपुढे तर आवाजाचाही उपयोग मर्यादित आहे.

घरसंरक्षण. घरात शिरलेल्या माणसाविरुद्ध बंदूक केव्हा वापरता येते, हे खासगी बचावाच्या हक्काने ठरते. पूर्वी भारतीय दंड संहितेची 96 ते 106 ही कलमे यासाठी होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमे लागू आहेत. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा मृत्यूची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी व गृहअतिक्रमण, एवढ्या प्रसंगी मालमत्तेच्या बचावाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. मात्र बचावापुरती आवश्यक असेल त्याहून अधिक हानी करता येत नाही. पळून जाणाऱ्या नारळचोरावर झाडलेला बार या चौकटीत बसणे कठीण आहे.

हत्यार म्हणून पाहता ठासणीची बंदूक या कामाला कमी पडते. ती एकदाच उडते, आणि काळोखात पुन्हा ठासणे अशक्यप्राय असते. ज्यांना संरक्षणाच्या हेतूने परवाना मिळतो, ते सहसा बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी घेतात. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास त्यांतील एक जिच्यात नेमकी बसेल अशी नळी. तिचा व्यास सुमारे 18.5 मिमी. भरतो. वारशाने आलेली दुनळी घेताना दोन गोष्टी बंदूकसाजाकडून तपासून घ्याव्यात. जुन्या नळीचे घर (काडतूस बसण्याची जागा) 65 मिमी. काडतुसाचे असेल, तर 70 मिमी.चे काडतूस त्यात बसले तरी उडवू नये, कारण काडतुसाच्या उघडलेल्या तोंडाला जागा न उरून दाब वाढतो. नळीवर लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून घडविल्याची नागमोडी नक्षी असेल, तर ती बहुधा काळ्या दारूच्या काळातील असून आजच्या बिनधुराच्या काडतुसांसाठी नाही.

छर्रे पसरतात म्हणून घरात नेम धरावा लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. ओटीपासून माजघरापर्यंतच्या चार-पाच मीटरांत छर्ऱ्यांचा पुंजका जेमतेम तळहाताएवढा होतो. लांबवर त्याच्या उलट घडते, आणि साधारण 35 ते 40 मीटरपलीकडे त्यांचा भरवसा राहत नाही. जांभ्या चिऱ्याची भिंत छर्रे अडविते; फळ्यांची आडभिंत, माळ्याची तक्तपोशी किंवा कुड मात्र अडवीत नाही, आणि पलीकडे घरचीच माणसे निजलेली असतात. लांब नळीची बंदूक पडवीच्या दारातून वळविणेही सोपे नसते. विखुरलेल्या वाड्यांत पहिली वर्दी कुत्रा देतो, आणि मागील दाराची आडणी व खळ्यातला दिवा यांचे काम बंदुकीच्या आधी येते.

सराव. 2016च्या नियमांनी अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षण आवश्यक केले आहे. हत्यार हाताळणे, झाडणे, निगा राखणे आणि सुरक्षित ठेवणे यांचा त्यात समावेश होतो. त्यापुढील नियमित सराव मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या मैदानावरच योग्य. आवारात ‘उडवून बघण्याची’ रीत जुनी असली, तरी हयगयीने किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणे हा 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. लग्नातील व शिमग्यातील बार यात येऊ शकतात. रिकाम्या बंदुकीने करावयाचा सराव, म्हणजे खांद्याला लावणे, माशीवर नजर स्थिरावणे आणि बोट चापाबाहेर ठेवणे, घरी करता येतो. त्या वेळी काडतुसे दुसऱ्या खोलीत असावीत. ठासणीच्या बंदुकीबाबत फुसक्या बाराची तालीम विशेष महत्त्वाची आहे. टोपी वाजून बार निघाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबावे, कारण दमट दारू धुमसून उशिरा पेटू शकते.

निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. हा काळ पुष्कळदा आंबा-काजूच्या किंवा भातकापणीच्या हंगामावर येत असल्याने बागायतदारांची त्याविरुद्ध जुनी तक्रार आहे. सर्वांकडून सरसकट बंदुका मागविण्याऐवजी छाननी समितीने प्रकरणागणिक निर्णय घ्यावा, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली आहे. जमा केलेल्या बंदुकीची पावती घ्यावी, आणि ठासणीची असेल तर ती रिकामी करूनच न्यावी. खंडेनवमीला घरातील कोयती, पाळकोयता यांच्याबरोबर बंदुकीचीही पूजा होते. ती त्या दिवशी ठाण्यात असेल, तर परवान्याच्या पुस्तिकेला गंध लावल्याचेही ऐकिवात आहे.