एड्सचा विषाणू अमेरिकेने बनवला? नाही

सीताबर्डीच्या पानठेल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत नागपुरात अजून ऐकू येतं: एड्स अमेरिकेच्या फोर्ट डेट्रिक प्रयोगशाळेत तयार झाला. ही कंडी सोव्हिएत गुप्तहेर संघटना केजीबीने पिकवली, तीही दिल्लीतून.

जुलै १९८३मध्ये दिल्लीच्या सोव्हिएतधार्जिण्या 'पेट्रियट' दैनिकात हाच आरोप करणारं एका निनावी 'अमेरिकन शास्त्रज्ञा'चं पत्र आलं. हे प्रयोग पाकिस्तानात हलणार, ही भीतीही त्यातच होती. भारतीय वाचकासाठी बेतलेली फोडणी! पुढे दोन वर्षं सामसूम. १९८५मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गाझेता'ने 'पेट्रियट'चाच हवाला देऊन तो आरोप छापला. म्हणजे आपणच पेरायचं आणि आपणच दाखला द्यायचा. नंतर पूर्व बर्लिनचे जीवभौतिकशास्त्रज्ञ याकोब सेगल यांनी त्याला शास्त्रीय मुलामा दिला: १९७७ साली मेंढ्यांचा व्हिस्ना आणि माणसातला एचटीएलव्ही-१ हे विषाणू जोडून एड्सचा विषाणू बनवला म्हणे.

इथेच गाडी अडते. आफ्रिकेत, काँगोतल्या किन्शासात १९५९ साली घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात एचआयव्ही सापडला आहे. तेव्हा जनुकं कापून जोडण्याचं तंत्रच नव्हतं. ते १९७०च्या दशकात आलं. जनुकीय तुलनेनुसार मुख्य साथीचा विषाणू आग्नेय कॅमेरूनच्या चिंपांझींतून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास माणसात आला.

फोर्ट डेट्रिकमध्ये १९६९पर्यंत जैविक अस्त्रांवर काम चालायचं, हे मात्र खरं. त्या खऱ्या धाग्यामुळेच थाप टिकली. १९९२मध्ये रशियन गुप्तचर प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी केजीबीचा हात कबूल केला.

असा मेसेज आला तर फॉरवर्डची संख्या पाहू नका. हवाल्यामागचा हवाला शोधत पहिल्या छापील मजकुरापर्यंत जा आणि तिथे लेखकाचं नाव आहे का, ते बघा.