मळीच्या टाकीची भिंत कशी थरथरते?

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबाग या ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांच्या आवारात मळी साठवण्याच्या मोठ्या पोलादी टाक्या उभ्या असतात. त्यांची त्रिज्या मीटरांत मोजतात, पण भिंतीची जाडी मिलिमीटरांत. अशा पातळ आणि वक्र रचनेला अभियंते कवच म्हणतात. कवचाला धक्का दिला, तर ते स्वतःच्या ठरावीक वारंवारतांनी (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येने) कंप पावते आणि प्रत्येक वारंवारतेला भिंतीचा विशिष्ट आकार, म्हणजे कंपनरूप, जोडलेले असते. वाऱ्याच्या झोताची किंवा शेजारच्या यंत्राची लय यांपैकी एखाद्या वारंवारतेशी जुळली की कंपने वाढत जातात. म्हणून त्या वारंवारता आधीच काढून ठेवाव्या लागतात.

ताणलेल्या तारेत लहरी जितक्या अधिक, तितका सूर चढा. टाकीच्या परिघावरही दोन लहरी (भिंत लंबवर्तुळाकार होते), मग तीन, मग चार अशी रूपे असतात आणि दोन लहरींचे रूप सर्वांत संथ असावे असे कोणालाही वाटेल, पण तसे होत नाही. ५ मीटर त्रिज्येची, १० मीटर उंचीची, ८ मिलिमीटर जाडीची रिकामी पोलादी टाकी घेतली आणि तिच्या दोन्ही कडा गोलच राहतात असे धरले, तर सर्वांत कमी वारंवारता परिघावर आठ लहरी असताना मिळते आणि ती सुमारे ८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८ कंपने, येते. दोन लहरींची वारंवारता तिच्या कित्येक पट असते.

याचे कारण वक्रतेत आहे. सपाट पत्रा किंचित वाकताना जवळजवळ ताणला जात नाही. वक्र भिंतीला मात्र वाकताना बहुधा ताणावेही लागते, आणि पातळ पत्रा ताणणे वाकवण्यापेक्षा फार अवघड असते. जाडी निम्मी केली तर ताणण्याला होणारा विरोध निम्मा होतो, वाकण्याला होणारा विरोध एक अष्टमांशावर येतो. लहरी वाढल्या की ताणण्यात खर्च होणारी ऊर्जा घटते आणि वाकवण्यात जाणारी वाढते. दोन्हींची बेरीज जिथे किमान, तिथे सर्वांत कमी वारंवारता. आर्नॉल्ड आणि वॉरबर्टन या संशोधकांनी १९४९ मध्ये दंडगोलांसाठी हा हिशोब स्पष्ट मांडला. त्याआधी भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांनी १८८१ मध्ये केवळ वाकणे विचारात घेतले होते, तर गणितज्ञ लव्ह यांनी १८८८ मध्ये ताणणे आणि वाकणे दोन्ही सामावणारा सिद्धान्त दिला. माझ्या मते या विषयाचे सारे सौंदर्य या दोन ऊर्जांच्या ओढाताणीत आहे.

आज फायनाइट एलिमेंट पद्धतीने संगणक भिंतीचे लहान तुकडे पाडतो, त्यांची ताठरता आणि वस्तुमान एकत्र मांडतो आणि वारंवारता काढतो. इथे एक धोका असतो: तुकड्याच्या सूत्रांना ताणल्याशिवाय वाकणे जमत नसेल, तर रचना खोटी ताठर भासते आणि वारंवारता फुगून येतात. तुकडे बारीक करत गेल्यावरही उत्तर सरकत राहिले, तर ते मान्य करू नये.

टाकी भरली की गणित पुन्हा बदलते. पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असलेली मळी भिंतीबरोबर हलते, हलणारे वस्तुमान वाढते आणि वारंवारता बऱ्याच खाली येतात. त्यामुळे रिकामी, अर्धी आणि भरलेली अशा तिन्ही स्थितींत टाकी वेगळी तपासावी लागते.